घंटी वाजली म्हणजे तार ठीक

४ फेब्रुवारी १९७४
सात रस्त्यावरचं सासऱ्यांचं चादरींचं दुकान आणि मागच्या गल्लीतला त्यांचा कारखाना, यांच्यामधली इंटरकॉमची तार पुन्हा तुटलेली निघाली. कधी तुटली, कोणालाच पत्ता नाही. मी 'हॅलो, हॅलो' करत राहिलो, हैदराबादचं गिऱ्हाईक उठून गेलं. मामा, म्हणजे सासरे गुरुबसप्पा, म्हणाले, "जावईबापू, रेडिओचा कोर्स केलाय न्हवं तुमी?" पोस्टाने केला असला तरी कोर्स तो कोर्स. हुबळीला नवं दुकान निघतंय. ते कोणाला द्यायचं हे मामा ठरवणार. मला वाटतं, ठरलंच.

५ फेब्रुवारी
योजना तयार. सूत गुंडाळणाऱ्या बायकांची मुकादम काशम्मा दर दहा मिनिटांनी तिकडे बटण दाबणार, इकडे घंटी वाजणार. ओळीने तीन घंट्या चुकल्या की तार तुटली. काशम्माने विचारलं, "आन् काम कवा करू?" मुद्दा तिच्या लक्षातच आला नाही.

७ फेब्रुवारी
तीन घंट्या चुकल्या! गिऱ्हाईक सोडून कारखान्याकडे धावलो. तार शाबूत. काशम्मा जेवत होती.
दुपारी पुन्हा धावलो. बॉबिनं मोजत होती.
संध्याकाळी पुन्हा. कारण विचारलं नाही. व्यायाम मात्र झाला.

८ फेब्रुवारी
चूक सापडली. दहा मिनिटं फार होतात. आता दर मिनिटाला. काशम्मा बटणापाशीच बसून. त्यामुळे सूत नाही, त्यामुळे माग बंद. मामा जेवताना माझ्या ताटाकडे बघत होते.

११ फेब्रुवारी
पुन्हा दहा मिनिटं. शिवाय जोडीला दुसरी तार टाकली. एक तुटली तर दुसरी आहेच. दोन्ही त्याच खिळ्यांवरून नेल्या, तेवढीच बचत.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या बनाबाईंनी तारांवर ओली गोधडी वाळत घातली. दोन्ही तुटल्या. वर म्हणतात, "एका तारंवर मावत न्हवती. दुसरी टाकली ते लई बेस केलं."

१३ फेब्रुवारी
तारा जोडल्या. लोक इंटरकॉमवर बोलत बसतात, त्यामुळे घंटी चुकते. दोन्हीकडचे फोन काढून ठेवले. आता कसलाच अडथळा नाही.

१४ फेब्रुवारी
सकाळी घंटी सुरेख. मग तर थांबेचना! मामांना हाताला धरून आणलं, म्हटलं, ऐका, तार कशी ठणठणीत आहे. मामा पहिल्यांदाच हसले. तेवढ्यात दारात काशम्मा, कमरेपर्यंत भिजलेली. "टाकी फुटलीय की! कवापासनं घंटी वाजिवतेय, कुनी येईना!" सगळं सूत पाण्यात. मी समजावून सांगितलं की ही घंटी तारेसाठी आहे, टाकीसाठी नाही. कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

१६ फेब्रुवारी
हुबळीचं दुकान मामांच्या पुतण्याला, मायाप्पाला. त्याला बल्बसुद्धा बदलता येत नाही. तारा उतरवल्या. यापुढे दुकान आणि कारखान्यातले निरोप मी स्वतः चालत न्यायचे. "तुमाला पळायची सवय झालीच हाय," मामा म्हणाले. जबाबदारीचं काम आहे. सगळा धंदा आता माझ्यावर.

१९ फेब्रुवारी
अंगात कसकस. दिवसभर घरी पडून. एकही निरोप इकडचा तिकडे झाला नाही. काळजीने डोळा लागेना. धंदा ठप्प झाला असणार. बायको रत्नम्माला म्हटलंही, तुझ्या अप्पांना तोंड कसं दाखवू?
रात्री मामा आले, हात धुऊन पाटावर बसले आणि मला म्हणाले, "आज कामं कशी झटझट झाली, जावईबापू. रोज असंच करत जावा."