तीन सुरांचे यंत्र व विहिरीतील दगड

मी, सविता धोंडिबा सुतार, वय एकाहत्तर, राहणार केलगेरी, धारवाड, बेलूरच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाचेही दडपण नसताना स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटी बहीण संगीता हिचे यजमान दीपकराव यांना त्याबद्दल शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर संगीताची मुलगी आरुषी हिला द्यावे. बँकेतील शिल्लक संगीताला. तिने ती यजमानांना दाखवू नये.

२. माझे वाद्ययंत्र म्हणजे जुन्या शिवणयंत्राचा सांगाडा, त्यावर खिळे ठोकलेले लाटणे, आणि त्या खिळ्यांनी उचलले जाऊन तांब्या, परात व किटलीचे झाकण यांवर आपटणारे लाकडी हातोडे. लाटण्याला गुंडाळलेल्या दोरीला दगड बांधून उंचावरून सोडला की तो टेकेपर्यंत यंत्र वाजते. विकतचे काही लावायचे नाही, वीज घ्यायची नाही आणि सूर तीनच, हे नियम मी स्वतःला घातले. तिसरा सूर मध्यम व पंचम यांच्या मधे कुठेतरी आहे. मला तोच आवडतो.

३. अळणावरला आरुषीच्या लग्नात वाजंत्रीवाले आलेच नाहीत. दीपकरावांनीच हात जोडले, म्हणून मी यंत्र त्यांच्या विहिरीच्या काठावर मांडून दगड आत सोडला. विहीर एवढी खोल असेल असे वाटले नव्हते. भटजींनी मंगलाष्टके त्या ठोक्यांत बसवली. पाहुणे ठोक्याठोक्याला अक्षता टाकू लागले. जेवणे उठली तरी यंत्र चालूच. पाण्यात शिरल्यावर दगड आणखी सावकाश उतरू लागला. मानपानावरून रुसलेल्या वरपक्षाचे म्हणणे कोणालाच ऐकू येईना, तेव्हा ते जेवून समाधानाने गेले.

"अक्का, साकु, पुरे! बंद करा हे!" दीपकराव ओरडले.

"दगड तळाला टेकल्याशिवाय बंद होत नाही."

"कधी टेकणार?"

"विहीर तुमची. तुम्हीच सांगा."

त्यांनी कोयत्याने दोरी तोडली. सबब तो दगड मी दीपकराव यांना देत आहे. त्यांनी स्वतः उतरून काढावा.

४. यंत्र, नव्या दगडासह, शेजारच्या मधुवंतीबाई यांना. त्या गाणे शिकवत. शिष्यांचा सूर बिघडतो म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. मी हातोडे आणखी जाड केले. पुढे त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली व शिकवणी बंद पडली. मीही यंत्र बंद ठेवले. एका सकाळी त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "वाजवा की. गप्प का?"

मी दगड सोडला. त्या पायरीवर येऊन बसल्या आणि हळूच गुणगुणू लागल्या.

"माझ्याकडेही आता एवढेच सूर उरलेत," म्हणाल्या, "आणि त्यातला एक तुमच्यासारखाच, कुठेच न बसणारा."

तेव्हापासून रोज येतात. त्यांनी यंत्राला चौथा सूर जोडू नये.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले. मधुवंतीबाई पेन उघडून बसल्या होत्या.

"मग यंत्र नको. मी सही करते."

"सही कोणीही करील. वाजवणार कोण?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. "ठीक आहे. पण मरायची घाई करायची नाही."

ही अट मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: सविता धोंडिबा सुतार (सही)
आमच्यासमक्ष सही केली: प्रभंजन बाळाप्पा लोहार (सही), अनिता यशपाल कांबळे (सही)
मुक्काम धारवाड, ९ ऑगस्ट २०२४