सांगारेसाहेबांना रस्ता द्यायचा राहिला

बेलाया गुबा, मंगळवार

तीर्थस्वरूप ग्लाफिरा मावशीस,

सावेलीचा कमरेत वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? शेळी अजून कुंपण खाते का? मी बरा आहे, फक्त झेंडे बदलून बदलून दमलोय. (नगरपालिकेच्या पाहुणचार खात्यात चिकटलोय, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं; की लिहायचं राहिलं?) आधी नॉर्वेवाले यायचे, त्यांच्याशी आपलं बिनसलं. मग चिनी आले, दिसेल त्याचे फोटो काढून गेले. आता टीव्ही म्हणतो, आफ्रिका आपली जुनी मैत्रीण. म्हणून मालीहून सांगारेसाहेब आले, आमच्या कारखान्याचे हेरिंग माशांचे डबे घ्यायला. त्यांनी नाही घेतले, तर कारखान्याला कुलूप आणि मी तुझ्या पोटमाळ्यावर.

बोलणी थंडच झाली. "विचार करून कळवतो," म्हणाले. (नॉर्वेवालेही असंच म्हणायचे, पण निदान चॉकलेट देऊन.) दुभाषा सामान घेऊन पुढे स्टेशनवर गेला. सांगारे निघणार, तोच आमचे मुख्य पोर्फिरी नीलोविच म्हणाले, "बसा सगळे! प्रवासाआधी जरा गप्प बसल्याशिवाय कोणी घराबाहेर पडतं का?" बसलो. आता पाहुण्याआधी उठणं म्हणजे त्याला हाकलणं, म्हणून पोर्फिरी नीलोविच उठेनात. सांगारेही उठेनात. हे छताकडे बघतायत, ते गालिच्याकडे. गाडी शिटी देऊन गेली, दुभाष्यासकट. मग त्याचा फोन: "अरे, त्यांच्याकडे यजमानानं 'रस्ता दिला' म्हटल्याशिवाय पाहुणा उठत नाही!" एवढं बोलला आणि फोन मेला.

मी दार उघडून हातानं रस्ता दाखवला. सांगारेंनी कोटाची बटणं लावली आणि खुणेनं सांगितलं, लाव ते दार, वारा येतोय. पोर्फिरी नीलोविच कुजबुजले, "गाढवा, हे परराष्ट्र धोरण आहे, गुरं हाकणं नव्हे!" मोबाईलचं इंटरनेट हल्ली बंदच असतं, तेव्हा भाषांतर कुठून आणू?

मावशी, सांगारेंना फ्रेंच कळतं, आणि या पंचक्रोशीत ते येणारी तू एकटी. जन्मभर शाळेत शिकवलंस (मलासुद्धा, पण ते जाऊ दे). दूधवाल्या गेरासिमच्या ट्रकमधून हे पत्र पाठवतोय. त्याच ट्रकनं ये आणि 'रस्ता दिला' एवढंच बोल.

तुझा,
सावेली

ता. क. येताना मोजे आण.

दुसरा ता. क. थांब. सांगारेंना भूक लागली. मेजवानीचं सगळं कालच फस्त झालं, म्हणून शेवटी हेरिंगचा डबा फोडला. (इतके दिवस आम्ही त्यांना नुसते तक्तेच दाखवत होतो.) त्यांनी पावानं तेलसुद्धा पुसून घेतलं आणि दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. पोर्फिरी नीलोविच म्हणतायत, मावशींना लिही, गुडघे जपा, ट्रकचे धक्के बरे नव्हेत. या, पण पुढच्या आठवड्यात या.