नळीतलं ग्रीस

१९ नोव्हेंबर, रविवार

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आई ठीक आहे. तुझं पदक जाहीर झाल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. दूधवाल्यालासुद्धा तुझा फोटो दाखवते.

तुझ्या भावोजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. परवा चौघांनी त्यांना जिन्यात गाठलं, मनगट पायरीवर दाबून धरलं आणि बुटाने मोडलं. जाताना म्हणाले, "बायकोला आवरा." हाड मोडल्याचा आवाज मला वर स्वयंपाकघरात ऐकू आला. ती माणसं तू पाठवली नव्हतीस, असं मी धरून चालले आहे. जड जातंय.

सरकार म्हणतं, फळबागेत लपलेल्या शत्रूंनी तुझ्या तुकडीवर गोळ्या झाडल्या आणि तुम्ही त्यांना टिपलं. शस्त्रागार माझ्याकडे, म्हणून त्यांच्या रायफली ताब्यात घ्यायला तुम्ही मलाच बोलावलंत. एका म्हाताऱ्याचा जबडा उडाला होता. दोघांच्या मनगटांत तार इतकी रुतलेली की कातडी सोलून आत पांढरं दिसत होतं. पहिल्या रायफलीची नळी पाहिली. ग्रीसने गच्च भरलेली. जप्त हत्यारं गंजू नयेत म्हणून आम्हीच ती तशी भरून ठेवतो, आणि ह्याच रायफली तू सरावासाठी म्हणून माझ्याकडूनच नेल्या होत्यास. त्यातून कुणी गोळी झाडली असती तर नळी फुटून त्याचंच तोंड फाटलं असतं. पुसायची तरी होतीस रे. तुझं प्रत्येक काम अर्धवट.

चौकशी आयोगाला मी एवढंच सांगितलंय. तुझा वकील म्हणतो, हत्यारं नंतर बदलली. म्हणू दे. उद्या मला विचारणार आहेत, मी पोचले तेव्हा तिथे कुणी जिवंत होतं का.

तुझी तुकडी तोंड उघडणार नाही; ते आपण दोघंच सांगू शकतो. पोट फाटलेला तो माणूस दोन्ही हातांनी आतडी आत धरून बसला होता. माझ्याकडे बघून "पाणी" म्हणाला. मी बाटलीचं झाकण काढलं. तू पिस्तूल काढलंस आणि म्हणालास, "ताई, तिकडे बघ." लहानपणी दवाखान्यात तुला सुई टोचताना तुझी हनुवटी धरून मी हेच म्हणायचे, अगदी त्याच सुरात. मी तिकडे बघितलं नाही. तुझ्याकडेच बघत राहिले. त्याचं रक्त माझ्या ओठांवर उडालं आणि तुझा चेहरा हललासुद्धा नाही.

मला तुझी किळस येते. आणि तू नीट जेवतोस ना, ही काळजीही सुटत नाही. दोन्ही खरं आहे.

हे पत्र भावोजी आजच तुला आणून देतील, डाव्या हाताने. उद्या माझ्या आधी तू स्वतः उभा राहा आणि बोल. नाही राहिलास, तर मी बोलेन. आई मागच्या बाकावर बसणार आहे. मी तुझ्या बाजूने बोलणार, अशी तिची समजूत आहे.

तिथे साक्षीदाराला सगळ्यात आधी विचारतात, हा तुमचा कोण. माझा धाकटा भाऊ, असं मी आईच्या देखत सांगेन. मग पुढचं सांगेन.

तुझी सख्खी,
ताई