पूजेचं कुंकू पुसायचं नसतं

२६ सप्टें., शुक्रवार
बोललं! मेलं यंत्र एकदाचं बोललं!

भिवंडीच्या कोल्ड स्टोरेजमधली तापमान नोंदवणारी जुनी खोकी. सीलबंद, वायर लावायला भोकसुद्धा नाही. आमचं हातातलं यंत्र समोर धरायचं आणि इन्फ्रारेडने आकडे खेचायचे, एवढा एकच मार्ग. आणि नव्या लिनक्स कर्नलमधून, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून, इन्फ्रारेड कधीच काढून टाकलेलं. कोणालाच नको होतं ते. मी जुना कोड उकरला, नव्या कर्नलमध्ये बसवला. गणपतीत लोक मोदक खात होते, मी कंपाइल करत होते.

शेवटची गाठ आज सुटली. सिरियलचा ड्रायव्हर, म्हणजे दुसराच एक प्रोग्रॅम, यंत्र सुरू होतानाच इन्फ्रारेडचा पोर्ट बळकावून बसायचा. कॉन्फिगमध्ये त्याला Y होतं, म्हणजे कायम हजर; ते M केलं. आता बोलावल्याशिवाय येत नाही. स्क्रीनवर टेस्टिंगला आणलेल्या खोक्याचं नाव आलं आणि मी खुर्चीतच ओरडले.

बाजूच्या टेबलावरचा निखिल धावत आला. "भारी गं! सगळ्या फाइली टाक ना मला, शिकतो जरा." टाकल्या.

२९ सप्टें., सोमवार
सरांची मेल, अख्ख्या ऑफिसला. निखिलने इन्फ्रारेड पुन्हा जिवंत केलं, अभिनंदन. खाली बारीक ओळ: टेस्टिंगला सायलीची मदत.

टेस्टिंगला मदत!! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

जेवताना विचारलं त्याला. "अगं, सरांनीच तसं लिहिलं, मी काय करू? टीमचंच काम आहे ना." मटकीची उसळ खात खात. सरांकडे गेले तर म्हणे, "कोणी केलं यापेक्षा झालं हे महत्त्वाचं."

असं का? बरं. आजपासून नि.ला एक अक्षर सांगणार नाही. नाक घासायला लावेन.

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली, ठाकुर्लीला पोचेपर्यंत तेच तेच डोक्यात. आई म्हणाली, राग जेवणावर काढू नको. नाही काढला. राखून ठेवलाय.

१ ऑक्टो., बुधवार
खंडेनवमी. ऑफिसात पूजा. लॅपटॉप, प्रिंटर, सोल्डरिंग गन, सगळ्यांना झेंडू. मधोमध पाटावर माझं यंत्र. एकच आहे, असं दुसरं आता मिळतही नाही.

"निखिल, आज मान तुझा," सर.

नेहरू जाकीट घालून आलेला. ओलं कुंकू बोटभर घेऊन यंत्राच्या कपाळी थापलं, वर हळद, वर अक्षता. फोटो. टाळ्या. मी पेढा घेतला नाही.

अकाउंट्सच्या लताताईंनी सगळ्यांना बजावलं, "पूजेचं कुंकू कोणी पुसायचं नाही हं. आपोआप जाऊ दे."

३ ऑक्टो., शुक्रवार
यंत्र मुकं. स्क्रीनवर खोक्याचं नावच येईना.

नि. दिवसभर कर्नल बांधतोय. Y चं M, M चं Y. मी हेडफोन लावून बसले. गाणं चालू नव्हतं.

६ ऑक्टो., सोमवार
कळलं मला!! आई शप्पथ, हसू आवरेना.

नि. चहाला गेला तेव्हा यंत्र हातात घेतलं. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, पण माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतं. धरला कॅमेरा. काळोख. तिरका केला तर कडेला पुसटशी जांभळी रेघ. म्हणजे दिवा लागतोय. कर्नल ठणठणीत. माझं काम ठणठणीत.

यंत्राच्या कपाळावर जी काळपट लाल काच आहे ना, किरण तिच्यातूनच जातो. नि.साहेबांनी कुंकू नेमकं तिच्यावरच थापलंय. लालावर लाल, वाळून खपली झालेली. त्याच्या ध्यानातही येणार नाही. आणि आलं तरी पुसणार कोण, पूजेचं आहे!

ठेवलं होतं तिथेच, तसंच ठेवलं. बस म्हणावं कंपाइल करत.

७ ऑक्टो., मंगळवार
सरांनी सगळ्यांना बोलावलं. गुरुवारी कोल्ड स्टोरेजवाले येतायत. चाललं तर चाललं. नाहीतर इन्फ्रारेड कायमचं बंद, सगळी खोकी भंगारात, नवीन ब्लूटूथवाली घ्यायची.

भंगारात.

नि.चं तोंड बघण्यासारखं झालेलं. माझंही झालं असेल. त्याचं नाक कापायचं तर माझंच पोर मारायचं, असं झालंय हे. लोक म्हणतील, इन्फ्रारेड चालतच नव्हतं.

८ ऑक्टो., बुधवार
नि.ने जिन्यात गाठलं मला. डोळे सुजलेले. "सायली, प्लीज यार. तुलाच कळतं हे."

"मग सरांसमोर सांग. हे कोणी केलं ते."

"आता कशाला तो विषय? उद्या चालू दे, मग बघू ना आपण."

मग बघू! चोर तो चोर, वर तारखा देतो.

"उद्या सगळ्यांसमोर बोललास तर चालेल," मी म्हणाले. त्याला वाटलं टोमणा मारतेय.

घरी आले. खूप रडले. आईला सांगितलं, कांदा.

९ ऑक्टो., गुरुवार
ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून मोबाइलवर लिहितेय.

पाहुणे आले. यंत्र खोक्यासमोर धरलं, स्क्रीन कोरी. पुन्हा धरलं, कोरी. पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला, "पाच मिनिटं बघू अजून, मग निघतो." सरांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. "कोणाला काही सुचतंय?"

नि.ने माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यात. मी पर्समधला रुमाल मुठीत धरला. बोल. एक वाक्य बोल, मेल्या.

तोंड उघडलं त्याने.

"सायली, सगळ्यांना जरा पाणी आणतेस?"

सर म्हणाले, "हो, आण."

पाणी भरलंय. सहा ग्लास, ट्रे. रुमालही भिजवलाय, घट्ट पिळून घेतलाय. एका फटक्यात निघेल ते कुंकू. स्क्रीनवर नाव येईल, टाळ्या वाजतील. कोणासाठी वाजतील तेही माहितीये मला.

सर हाका मारतायत.

ट्रे उचलते आता. रुमाल ट्रेवरच आहे.