कोरा अंगठा

चाकाच्या धन्यास तुमच्या म्हातारीचा वाकून नमस्कार. गुडघे वाकतात तेवढाच.

मी सुखरूप पोहोचले. पाचव्या वर्षी ज्या राजवाड्यातून मला हाकललं, तिथल्याच खोलीत बसून सांगतेय आणि दरबारचे कारकून लिहून घेताहेत. दाराशी चार पहारेकरी आहेत, मानासाठीच असतील.

काल दरबारात माझ्या जन्माचा कागद काढला. त्यावर माझा तान्हेपणीचा अंगठा आहे. शेजारी आताचा टेकवला, तर नुसता काळा ठिपका! चाळीस वर्षं तुमची मडकी घासून रेषाच गेल्या. प्रधान हसला, "आजी, गादी मागायला आलात, तर अंगठा तरी आणायचा!" मी म्हटलं, "बाबा, तो मडक्यांवर राहिला, जा शोध."

उद्या माझी नव्वदीची दाई येऊन कानामागचा व्रण चाचपणार आहे. तिला पटलं तर गादी माझी. नाही पटलं तर तोतया ठरवून काय करतील, ते लिहायला कारकून तयार नाहीत. तुम्ही काळजी करू नका. मला जेवण जात नाही, ते मीठ कमी असतं म्हणून.

खोकला कसा आहे? सूनबाई काढा देते ना? गादी मिळाली तर चाकासकट या, गाडी पाठवीन. इथल्या अंगणातली माती चिमटीत घेऊन पाहिली, चिकट आहे, तुम्हाला आवडेल.

पत्र माझंच, याची खूण म्हणून खाली अंगठा टेकवतेय. दरबाराला ओळखता आला नाही. तुम्हाला येईल.

राणी असो नसो, तुमचीच.