ओलिंपिओच्या हातचं, गारोआच्या कासेतलं

त्या सकाळी धुकं गोठ्यात शिरलं होतं आणि गायींच्या नुसत्या पाठी तरंगत होत्या. मी चुलीवर कॉफी ठेवली, आदल्या दिवशी मीठ लावलेल्या चीजमधून रात्रभर ठिबकलेलं पाणी विरजणासाठी गाळून घेतलं आणि बादली धुऊन ओलिंपिओच्या हातात दिली. त्याने नेहमीसारखे तळव्यांवर थुंकून हात चोळले, वासराला दोन घोट पिऊ दिले, ते आईच्या पुढच्या पायाला बांधलं आणि धार काढायला बसला. थंडीत त्याच्या उजव्या अंगठ्याला भेग पडायची. "दुर्वालिना, मेण आण गं जरा," तो म्हणाला. मी आणलं. त्या सकाळी याहून जास्त काही घडलं नाही.

मी, दुर्वालिना तेशेइरा, ओलिंपिओची विधवा, राहणार कानास्त्राच्या डोंगरातली कोर्रेगो फुन्दो वाडी, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने नाही आणि कुणी गोड बोललं म्हणूनही नाही, माझ्यामागे कुणाला काय मिळावं ते लिहून ठेवते आहे. शाळेत मी गेले नाही. सामान बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकले, तेव्हा भाषेत कुठे सुरकुती असेल तर सरळ करून वाचावी.

कलम पहिलं. घर, ओढ्यापर्यंतचं कुरण, गायी आणि चीजची खोली, तिच्यातल्या लाकडी फळ्या आणि साच्यांसकट, माझी नणंद झुल्मिरा हिची मुलगी क्लेओनिसी हिला. आम्हाला मूल झालं नाही. क्लेओनिसी आठ वर्षांची असताना ओढा ओलांडून पहिल्यांदा आली, चीज दाबायला स्टुलावर उभी राहिली, ती अजून उतरलेली नाही. मात्र तिने एक अट घातली आहे. ती शेवटी लिहिते, कारण हात तिथे अडतो.

कलम दुसरं. जीप वाडीच्या प्रार्थनाघराला. जीपची किल्ली माझा पुतण्या आदाउतो याला. ओलिंपिओला मातीत ठेवत असताना त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, "काकू, किल्ली कुठे असते?" इथे असते, बाळा.

कलम तिसरं. ओलिंपिओचं खोगीर नणंद झुल्मिरा हिला. हे वाचून ती म्हणेल, "वहिनीला आता सुचलं!" सुचायला कारण घडलं, ते लिहिते.

झुल्मिराकडून आम्ही नेब्लिना नावाची गाय घेतली, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या गायींना दगडी हा कासेचा रोग झाला. कासा तापल्या, दुधात गाठी आल्या. मी ओढ्याच्या अलीकडून ओरडले, "रोगट गाय गळ्यात मारलीस!" ती पलीकडून ओरडली, "माझ्या गायी तुमच्यामुळे सुजल्यात, वहिनी! आधी आपला गोठा झाडा!" विरजण बिघडलं की शेजारणीकडून मागून आणायचं आणि मागणारीला नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत. पण तिचं बिघडलं तेव्हा ती माझ्या दारावरून पुढे डोंगरापलीकडे गेली. माझं बिघडलं तेव्हा मीही तेच केलं. ओलिंपिओ दोघींच्या मधे उभा राहून दमला.

त्याच वर्षी विद्यापीठातली इयारा नावाची पोरगी नमुने घ्यायला आली होती. दोन्ही गोठ्यांतल्या गायींचं दूध घेतलं आणि धार काढणाऱ्यांच्या नाकात, हातावर कापसाची काडीही फिरवली. ओलिंपिओ खो खो हसला. "कास तिकडे आहे, बाई. हे नाक आहे." पुढच्या वर्षी तो गेला. इयारा शिकायला दूर गेली, ती या जूनमध्ये परत आली, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सांगितलं.

जंतूच्या पोटात एक लांब दोरा असतो आणि त्यावर त्याचं कूळ लिहिलेलं असतं. आमच्या गायींतले जंतू गायींच्या कुळातले नव्हते. माणसाच्या नाकात राहणारं ते कूळ. ओलिंपिओच्या नाकातला जंतू मुळाशी, अंगठ्याच्या भेगेतला त्याच्या शेजारी, आणि दोन्ही गोठ्यांतले सगळे त्याच्या फांद्या. कासेत शिरल्यावर माणसाच्या अंगात लपण्यापुरता लागणारा दोऱ्याचा तुकडा त्यांनी टाकला आणि गायीच्या दुधात तगायला लागणारा नवा घेतला.

"सासरी गेलेल्या मुलीसारखं," मी म्हणाले.

"तसंच, दुर्वालिनाबाई. माहेरची बोली विसरून."

झुल्मिराच्या गोठ्यात ते कसे गेले हे मला कुणी सांगायला नको. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला झुल्मिरा गाणाऱ्या मंडळीबरोबर घरोघर हिंडायची, आणि तिच्या गायींची धार तिचा भाऊ काढायचा. तळव्यांवर थुंकून, प्रेमाने. तेव्हा खोगीर तिचं. माफी मी मागत नाही, तिनेही मागू नये. त्याच्या मायेवरून आम्ही भांडलो, इतकंच.

कलम चौथं. माझी पुस्तकं इयाराला.

आता ती अट. त्या सगळ्या गायींपैकी नेब्लिनाची मुलगी गारोआ तेवढी उरली होती. तिच्या मागच्या एका सडात ते जंतू अजून होते, औषधाला न जुमानता. इयाराचं ऐकल्यापासून मी दुपारी गारोआच्या कुशीला कान लावून बसायचे. आत कोमट पांढरा अंधार, आणि त्या अंधारात त्याच्या अंगावरून उतरलेलं काहीतरी दुप्पट होतंय, पुन्हा दुप्पट होतंय. त्याच्या जाण्यानंतर त्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील. त्यांच्या हिशेबाने तो जगाच्या आरंभीचा पुरुष. मला तिथे झोप लागायची आणि झोपेत धारेचा आवाज यायचा.

क्लेओनिसीने मला तसं बसलेलं पाहिलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात, इयाराच्या समोरच, विषय काढला. "मामी, गारोआ या गोठ्यात असेपर्यंत मी तुझी खोली घेणार नाही. आता आणखी दोघींची कास कडक लागतेय. उद्या चीजमध्ये उतरलं तर कुणाच्या पोरांनी खायचं ते?"

"तिच्यात तुझा मामा आहे गं."

"मामाने स्वतः तिला कधीच घालवली असती. तुला माहितीय."

इयारा हळूच म्हणाली, "आमच्याकडे विद्यापीठात ते जंतू गोठवून ठेवलेत. झोपलेत. हवं तेव्हा जागे करता येतात."

"झोपलेला नवरा मी पाहिलाय, पोरी," मी म्हणाले. "जागा हवा होता."

क्लेओनिसीने माझी कॉफी पुन्हा गरम करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गायींची धार काढली, गारोआची सर्वांत शेवटी, घाई न करता. ते दूध खड्ड्यात ओतून वर चुना टाकला. मग कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, तिच्या गळ्यात दोर बांधला आणि खाटकाच्या ट्रकपर्यंत तिला मी स्वतः चालवत नेली.

सही: दुर्वालिना तेशेइरा
साक्षीदार: बेनेविनुतो सांपायो, प्रार्थनाघराचा राखणदार
साक्षीदार: आल्झिरा फोन्सेका, सुईण
कोर्रेगो फुन्दो, १९ ऑगस्ट २०१९