ओदेतचा करडा सूट

३ मार्च १९५२, पॅरिस

आले एकदाची! पाचवा मजला, उत्तरेची मोठी खिडकी, खाली जस्ताच्या छपरांच्या रांगा. नव्या कपड्यांची चित्रं काढायचं हे टेबल ओदेतचं. छातीच्या दुखण्यामुळे तिला डोंगरातल्या आरोग्यधामात जावं लागलं. जाताना तिनेच मालकीणबाईंना, मादाम सेर्वालना, सांगितलं की माझ्या जागी माझ्या मैत्रिणीला, हुगेतला, घ्या, म्हणजे मला. दुपारी शिवणाऱ्या बायकांनी बळेच सूप वाढलं. म्हणाल्या, खा पोटभर, इथे फक्त चित्रातल्या बायका उपाशी असतात.

११ मार्च

ओदेतचं टपाल आलं. तिने अंथरुणात बसून काढलेलं चित्र: पाठमोरी बाई, करडा कोट-स्कर्ट, चिमटीत मावेल एवढी कंबर, आणि खाली कोटाचा घेर घंटेसारखा उमललेला. सोबत चिठ्ठी, की मादामना दाखव, मला विसरल्या नाहीत एवढं कळलं तरी बरं वाटेल.

माझं आठवड्याभरात एकही चित्र पसंत पडलेलं नाही. काल मादाम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे सूट आहेत की बटाट्यांची पोती?"

मी ओदेतची सही खोडली. माझी केली.

१२ मार्च

मादामनी माझे दोन्ही गाल चुंबले. हिवाळी प्रदर्शन याच सूटने उघडणार. ओदेतला लिहिलं की चित्र त्यांना आवडलं नाही. दुसरं काय लिहिणार होते?

१९ मार्च

चित्रातल्या बाईचा कान दिसतो आहे. काल नुसती मान होती. खात्री आहे माझी.

२४ मार्च

आता गाल. खोल गेलेला, हाड वर आलेलं. शिवणाऱ्या बायकांना दाखवलं. त्या म्हणाल्या, पाठमोरीच तर आहे, तू जरा झोपत जा गं.

२७ मार्च

आरोग्यधामातल्या नर्सचं पत्र. ओदेत गेली. एकोणीस तारखेला. माझं पत्र वाचल्यावर तिने पेन्सिल हातात धरली नाही, नीट जेवलीही नाही. शेवटी विचारत होती, हुगेतचं कसं चाललंय.

२८ मार्च

मादामना सगळं खरं सांगितलं. रडले. त्या हसल्या. "मैत्रीण गेली म्हणून आपलं काम तिच्या नावावर करायचं? वेडी आहेस." चित्र पुन्हा माझ्याच टेबलावर.

२९ मार्च

समोर तोंड केलंय. ओदेतच आहे. रागावलेली नाही — तेच बघवत नाही. ओठ किंचित उघडे, काही विचारायचं असल्यासारखे —

३१ मार्च, दुपार

सगळ्या जेवायला खाली गेल्या आहेत. कागदावर नुसता सूट. कॉलरच्या वर काही नाही. बाह्यांत हात नाहीत —

माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतंय. कष्टाने. वळणार नाही. माझी सही खोडली आहे, तिची लिहिते आहे, कागद हलतोय —

थांब ना, ओदेत, नाव पुरं लिहू दे, एवढं एकच अक्षर रा —